अर्ध्याचं बटण

"ज्यानं हे ॲप बनवलं ना, त्याच्या डोक्यावर एकदा उसाची ओली मोळी ठेवली पाहिजे. आणि वर म्हणायचं — चढ आता फळीवरून ट्रकात!"

माझ्या रसवंतीच्या बाकड्यावर बसून एक मुलगी मोबाईलला शिव्या देत होती. ऐन जानेवारीतलं कोवळं ऊन तिच्या पाठीवर होतं, ओढणीला उसाच्या पाचटाचा एक तुकडा अडकलेला, आणि समोरच्या हाफ ग्लासातल्या रसाकडं तिचं लक्षही नव्हतं. हा माझ्या रसाचा अपमान. श्रीगोंद्याला कारखान्याच्या रस्त्यावर माझी रसवंती. रस असा गोड, की मुंग्या थेट दौंडहून येतात आणि येताना परतीचं तिकीट काढत नाहीत. पटत नसेल तर राहू द्या. पण या गोष्टीत खोटं असलंच तर ते तेवढं मुंग्यांपुरतं. बाकीचं मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि जे पाहिलं नाही ते कान देऊन ऐकलंय.

मुलीचं नाव धनश्री. पाथर्डीकडची. नगरच्या एका संस्थेसाठी ती ऊसतोड कामगारांच्या तळांवर फिरायची. कोपीकोपीत, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या झोपड्यांत, वाकून शिरायची, माणसं कुठून आली, लेकरं कुठल्या शाळेतून उठवून आणली, पाणी कुठून भरतात, सगळं विचारून मोबाईलात भरायची. ही पाहणी पुरी झाली तर पुढच्या हंगामाला लेकरांसाठी वसतिगृह होणार होतं.

शेजारच्या बाकड्यावर मोटारसायकलची चेन तुटलेला एक पोरगा बसला होता. हात ग्रीसनं काळे. त्यानं शिव्या ऐकल्या, घसा खाकरला, पुन्हा ऐकल्या. मग म्हणाला,

"काय… काय बिघडलंय?"

"तुमची गाडी बिघडलीय. मला काय विचारता?"

"न्हाई, ॲपचं म्हणतोय."

"बनवणाऱ्याचं डोकं बिघडलंय. इथं प्रश्न आहे, कोपीत कोयते किती? मी लिहिते अर्धा. तर हे म्हणतंय, पूर्ण अंक टाका."

"मग बरोबरच हाय की. अर्धा कोयता म्हंजे… मोडका ना?"

धनश्री हसली. अशी हसली की रस नाकात गेला, ठसका लागला, आणि मला चरक थांबवून पाण्याचा तांब्या द्यावा लागला. डोळे पुसत तिनं विचारलं,

"गाव कोणतं तुमचं?"

"बेलापूर. श्रीरामपूरजवळचं."

"बेलापूर! उसाच्या पोटात जन्मलात आणि एवढं माहीत न्हाई?"

"आमच्या उसाला तोड येती तवा मी… आत असतो. कम्प्युटरवर."

"बरं, मग ऐका. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघं मिळून तोडतात, बांधतात, वाहतात; मुकादम दोघांना एकच धरतो. एकटा गडी असला, एकटी बाई असली, की अर्धा कोयता."

पोरगा विचारात पडला. मग हळूच म्हणाला, "म्हंजे मी—"

"अर्धेच दिसताय."

"आन् तुमी?"

"मी पाहणी करणारी आहे. माझी पाहणी करायची न्हाई." एवढं बोलून तिनं रस एका दमात संपवला आणि निघाली. ओढणीतलं पाचट मात्र तसंच राहिलं. ते सांगायला पोरानं हात उचलला, ग्रीस पाहिलं, आणि हात खाली घेतला.

त्या क्षणापासून त्याची सवयच तशी झाली, असं मला आता वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धनश्री धावतच आली. "आबा, तो कालचा ग्रीसवाला कोण होता?"

"का गं? काही चोरलं का त्यानं?"

तिनं मोबाईल माझ्या नाकाला लावला. कोयते किती, या प्रश्नाखाली आकडे होते, आणि आकड्यांशेजारी एक छोटंसं गोल बटण उगवलं होतं. त्यावर लिहिलेलं — अर्धा.

"रातीत नवं ॲप आलंय. आणि मी तक्रार केली होती फक्त त्याच्याकडं!"

पुढच्या आठवड्यात स्वारी पुन्हा हजर. मावशीला बरं नाही म्हणून आलोय, म्हणाला. त्याची मावशी इथलीच, ती सकाळीच दळणाचा डबा डोक्यावर घेऊन माझ्या समोरून ठणठणीत गेली होती. पण मी बोललो नाही. धनश्री येताच तो तिच्यापुढं मान वाकवून उभा राहिला.

"काय हे?"

"ओली मोळी ठेवायची होती ना? ठेवा."

त्याचं नाव रविराज. शेतातलं काम आटोपलं की हा पठ्ठ्या वरच्या खोलीत बसून ते ॲप घडवायचा. ॲपचं नाव त्यानं 'खळं' ठेवलं होतं. रानोमाळ विखुरलेलं सगळं शेवटी खळ्यावर गोळा होतं, म्हणून. रेंज नसली तरी चालायचं. रेंज आली की सगळ्यांच्या मोबाईलमधली माहिती एका जागी येऊन पडायची. ना कुठली कंपनी, ना मालक. सगळी आतली कारागिरी उघडी ठेवलेली. कुणीही पाहावी, न्यावी, बदलावी, पुढं द्यावी.

"फुकट?" धनश्रीनं विचारलं.

"फुकट. आमचे दादा म्हणत्यात, तुझं खळं म्हंजे काय सप्त्यातला प्रसाद हाय का, येईल त्याला वाटायला? पण लई लांबचे लोक वापरत्यात. पेरू देशातला एकजण तर त्यावर लामा मोजतो."

"लामा म्हणजे?"

"उंटाचा मावसभाऊ."

"तुमच्याकडं मावशीकडचे लई दिसतात."

त्याचे कान तांबडे झाले. मी मध्ये पडलो. "अरे, पण एवढं उघडं ठेवलंस, कुणी चोरलं म्हणजे?"

"आबा, चोरायला आधी कुलूप लागतं. मी कुलूपच ठेवलं न्हाई."

फार आवडलं मला ते. धनश्रीलाही आवडलं असावं, कारण ती नुसती ग्लासाच्या काठावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "एक सांगू? त्या दिवशी जो अर्धा कोयता मी भरत होते ना… ती माझी आई. लंकाबाई. वडील गेल्यापासून एकटी येते तोडीला. तुमचं खळं तिला मोजतच नव्हतं."

मी चरकात ऊस घालायचं विसरलो. नुसती घुंगरं वाजत राहिली.

मग काय, मावशीची प्रकृती दर आठवड्याला ढासळायला लागली. कधी तिला ताप, कधी कंबर, एकदा तर दाढदुखी. आणि त्या माऊलीच्या तोंडात दाढ म्हणून उरली नव्हती. रविराज यायचा, धनश्रीच्या मागं तळावर जायचा. ती खळ्यातल्या खोडी काढायची, तो दुरुस्त करायचा.

"उन्हात अक्षर दिसत न्हाई."

"किती उन्हात?"

"ये, उभा राहून बघ." आणि दोघं एकाच ओढणीची सावली धरून त्या एवढ्याशा पडद्यात डोकावायची. अक्षरं दिसली की नाही देव जाणे. मी मात्र पाहिलं — तो पडद्याकडं पाहत नव्हता, आणि तिला ते ठाऊक होतं.

"उसाच्या चिकानं बोटं चिकटतात. बटण दाबलं जात न्हाई."

"मोठं करतो."

"किती मोठं?"

"तुझ्या बोटाएवढं… दाखव बोट." तुम्हीचं तू कधी झालं तो क्षण माझ्या हातून निसटला. गिऱ्हाईक आलं असणार. काही गिऱ्हाइकांना वेळेचं भानच नसतं.

तळावर एकदा लंकाबाईनं दोघांना चुलीपुढं बसवून काळा चहा दिला. लंकाबाई म्हणजे चिंचेच्या लाकडाची बाई; अंगावर एवढंसं मांस नाही, आणि मोळी उचलली की दोन गडी लाजतील. तिनं रविराजकडं नीट निरखून पाहिलं. जावयाला पाहतात तसं नाही, ऊस पाहतात तसं. तोडायला आलाय का नाही, असं.

"पाव्हणं," ती म्हणाली, "तुमी दोघं रोज संगं फिरता. मग मी काय समजू? एक कोयता, का दोन अर्धे?"

आजूबाजूच्या कोप्यांतल्या बाया खदखदल्या. धनश्री चहाच्या कपात बघायला लागली… आणि थांबली. ऐकण्यासाठी माणूस थांबतो तशी.

रविराज गडबडला. म्हणाला, "मावशी, अजून… चाचणी चालू हाय."

पुन्हा हशा. धनश्रीही हसली. पण ती हसली सगळ्यांच्या नंतर, आणि थांबली सगळ्यांच्या आधी.

परत येताना दोघं माझ्याकडं एक फुल ग्लास घेऊन वाटून प्यायली. तिनं विचारलं, "चाचणी किती दिवस चालते रे तुमच्यात?"

"सगळ्या खोडी निघंपर्यंत."

"आणि सगळ्या निघतात?"

"न्हाई," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "एक काढली की दुसरी सापडती."

असल्या प्रामाणिकपणाला काय म्हणावं? मी ऊस पिळतो. मला एवढंच कळतं, की ऊस चरकात घातल्याशिवाय गोड आहे का नाही ते समजत नाही, आणि वाळत ठेवला तर नुसतं जळण उरतं.

फेब्रुवारीत एका दुपारी अवकाळी आला. आभाळ असं भरलं, की माझ्या शेजारच्या कोंबड्या रात्र समजून झोपल्या आणि उठल्यावर दोनदा अंडी घालून गेल्या. तोड बंद पडली. दोघं माझ्या ताडपत्रीखाली अडकली. ताडपत्रीच्या भोकातून थेंब थेट तिच्या ग्लासात पडत होता, आणि तो ग्लास सरकवायचं दोघांनाही सुचत नव्हतं.

"ओडिशातून विचारणा आलीय," ती म्हणाली. "तिथून वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कुटुंबांची पाहणी करायची आहे. खळ्यावरच करणार आहेत. खळं वापरता येणारं माणूस पाहिजे म्हणतात. दोन-तीन वर्षं तिकडंच राहावं लागेल."

रविराजचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "ओडिशा! आपलं खळं ओडिशात? अगं, मग तिकडची लिपी घालावी लागंल. गोल गोल असती त्यांची अक्षरं, उन्हात कशी दिसतील ते…"

ती त्याच्याकडं पाहत राहिली. त्याच्या उशिरा लक्षात आलं.

"मी जाऊ का?" तिनं विचारलं.

पावसाचा आवाज होता, तरी मला स्वच्छ ऐकू आलं. चार अक्षरं. आणि याचं उत्तर दोन अक्षरांचं होतं. थांब. ताडपत्रीलासुद्धा माहीत होतं. मीच म्हणणार होतो, पण माझ्या तोंडात सुपारी होती, आणि शिवाय ते माझं नव्हतं म्हणायचं.

"संधी चांगली हाय," रविराज म्हणाला. "मी… मी कोण अडवणारा?"

"तू कोण, ते तूच सांग ना."

"धना, मी आजवर कुणालाच अडवलं न्हाई. जो मागंल त्यानं न्यावं, कुठंबी न्यावं. कुलूप लावायचं न्हाई. खळ्याचा तर नियमच—"

"मी ॲप न्हाई, रविराज."

पाऊस एकदम थांबला. म्हणजे, थांबला नसेल. मला तसं वाटलं.

ती उठली. चपलेत पाय घालताना, त्याच्याकडं न पाहता म्हणाली, "आईचा हंगाम संपेपर्यंत मी आहे इथं. कारखान्याचा पट्टा पडला, शेवटचा भोंगा झाला, की तिला गावाला सोडणार आणि निघणार. त्याच्या आत तळावर येऊन आईशी बोललास… तर मी तिकडं नाही म्हणून कळवीन. न्हाई आलास तर काही म्हणणार न्हाई."

आणि भिजत गेली.

आता यात न कळण्यासारखं काय होतं? माझ्या मुंग्यांनाही कळलं. पण रविराजनं काय केलं असेल, सांगा? तो बेलापूरला गेला, वरच्या खोलीत बसला, आणि खळ्यात ओडिशाची लिपी घालायला लागला. मला त्यानं मागाहून सांगितलं ते असं — की तिच्यापुढं मोकळ्या हातानं कसं जायचं? गेली तर तिकडं तिला खळ्याचा त्रास व्हायला नको. राहिली तर, एवढं केलं म्हणून खूश होईल. मार्च संपेपर्यंत कारखाना चालतोच. तोवर सगळं नीट करू, सगळ्या खोडी काढू, आणि मग जाऊ.

त्या साली ऊस कमी. रानात नजर टाकली असती तर कुणालाही दिसलं असतं. हिरवी पट्टी मागं मागं सरकत चालली होती, तळावरच्या बाया भांडी घासून पोत्यात भरायला लागल्या होत्या. धनश्री माझ्याकडं यायची, हाफ मागायची, रस्त्याकडं तोंड करून बसायची. "आबा, बेलापूरच्या कुणाची मावशी आजारी न्हाई का हल्ली?" एकदा तिनं विचारलं. मी म्हणालो, "पोरी, तिची तब्येत फारच सुधारलीय." मग दोघंही हसलो नाही.

तिनं त्याला फोन केला नाही. मी म्हणालोही, कर की. ती म्हणाली, "एकदा मी विचारलंय, आबा. आता त्यानं यायचं."

आणि एके दिवशी भर दुपारी भोंगा झाला. रोजचा नाही, पट्टा पडल्याचा. लांबलचक, घसा बसेपर्यंत ओरडणारा. दरवर्षी ऐकतो मी तो, पण त्या दिवशी चरकावरचा हात आपोआप थांबला.

रविराजला ते बेलापुरात कळलं दुसऱ्या दिवशी, वडिलांच्या तोंडून. जेवताना ते सहज म्हणाले, यंदा श्रीगोंद्याचा पट्टा लवकर पडला. पोरगा हातातला घास ताटात टाकून उठला.

तो पोचला तेव्हा तळ मोडला होता. कोप्या उतरवलेल्या, चुलींच्या जागी काळे डाग, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर गाठोडी, हंडे, शेळी, कोंबड्यांची टोपली, सगळ्यांच्या वर लंकाबाई. मी तिथं माझे ग्लास गोळा करायला गेलो होतो. म्हणजे, लोकांना मी तसं सांगतो.

धनश्री ट्रॉलीच्या फळीला टेकून उभी होती. रविराज धापा टाकत समोर आला. आणि त्यानं पहिल्यांदा काय केलं? खिशातून मोबाईल काढला.

"झालं. सगळं झालं. गोल अक्षरं… उन्हातबी दिसत्यात. बघ."

तिनं मोबाईल हातात घेतला. ओढणीची सावली धरली. एकटीनंच. सावकाश सगळं पाहिलं.

"लई सुंदर केलंस," ती म्हणाली. खरंच म्हणाली.

"आन् धना… थांब. जाऊ नको."

पाहा, निघालं शेवटी तोंडातून. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते गालावर येऊ दिलं नाही तिनं.

"आधी माझी जायची वाट साफ केलीस," ती म्हणाली, "आणि मग म्हणतोस थांब."

"मला वाटलं, अजून वेळ—"

"मी रोज बसत होते त्या बाकड्यावर. काल होकार कळवला. शब्द गेला माझा."

"मी बोलतो त्यांच्याशी. खळं माझंच हाय, ते माझं ऐकतील—"

"नको." तिनं मोबाईल त्याच्या हातात ठेवला, बोटं जराशी रेंगाळली, चिकानं चिकटल्यासारखी. "तुझ्या खळ्याला कुलूप न्हाई ना? मग आता मला लावू नको."

वरून लंकाबाईनं विचारलं, "पाव्हणं, झाली का चाचणी?"

टोमणा नव्हता तो. फार हळू विचारलं तिनं.

"झाली, मावशी," रविराज म्हणाला.

आता इथं मी काहीही सांगू शकतो. आयुष्यभर मी लोकांना बैलाचं दूध काढलेलं पटवलंय. ट्रॅक्टरचं चाक फुटलं म्हणून सांगेन, शेळीनं उडी मारली आणि तिच्यामागं धनश्री उतरली म्हणून सांगेन. तुम्ही मान डोलवाल. कितीदा जुळवून पाहिलं मी. पण ट्रॅक्टर सुरू झाला आणि गेला. चाक चांगलं होतं. तिनं मागं वळून पाहिलं, मिरजगावच्या दिशेचं वळण येईपर्यंत पाहत होती, आणि हा हात उचलून उभा होता. ना हलवला, ना खाली घेतला.

पहिल्या वर्षी ओडिशातून तिच्या नावानं खळ्याच्या खोडी यायच्या. इथं अक्षर तुटतं, तिथं बटण अडतं. तो त्याच दिवशी दुरुस्त करायचा. मग हळूहळू तिच्या जागी दुसऱ्याच कुणाचं नाव यायला लागलं. लंकाबाई आता तोडीला येत नाही. लेकीनं बंद केलं, म्हणतात. लेकरांचं वसतिगृह मात्र झालं. त्या पाहणीवरूनच झालं.

रविराज अजून येतो. मावशी खरोखरीच वारली, तरी येतो. फुल ग्लास मागतो, अर्धा पितो.

परवा आला तेव्हा मोबाईल बघून एकटाच हसत होता. मी विचारलं, काय? म्हणाला, त्या पेरूवाल्याचा निरोप आलाय. तो लिहितो — भाऊ, तुमच्या खळ्यात प्रत्येक आकड्याशेजारी हे अर्ध्याचं बटण कशाला? लामा काही अर्धा नसतो. उगाच दाबलं जातं आणि हिशेब चुकतो. तुमची हरकत नसेल तर मी काढून टाकतो.

"मग?" मी म्हणालो. "तुझा नियमच आहे ना, कुणी काही मागितलं तर अडवायचं नाही?"

त्यानं बाकड्याच्या त्या टोकाकडं पाहिलं, जिथं ऊन पडतं. मग त्यानं माझ्यासमोरच उत्तर लिहिलं आणि मला वाचून दाखवलं.

"नको. ते राहू दे. आमच्याकडं अर्धं असतं."